रफिक, कशेळीचं टोक अजून राहिलंय

रफिक,

तुझ्याशी असं, तू दिसत नसताना बोलायची मला सवय आहे. अकरा वर्षं मी पुढं बसलो आणि तू मागं. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याला मागचा दिसत नाही. मान वळवली की बोट हलते आणि मागून शिवी येते. त्यामुळं तुला वल्हं मारताना मी एकदाही पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय. "दत्त्या, डावं. दत्त्या, जोर लाव जरा, हात पेन्शनीत काढलेत का?" म्हणून आता तू दिसत नाहीस याचं मला फार काही वाटायला नको होतं. वाटतंय. बावीस दिवस झाले आणि मागचा आवाज बंद आहे, हे मला अजिबात मान्य नाही.

तुझ्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस बाहेर पडताना मला बाजूला घेतो आणि तेच सांगतो. आमच्या लोणी काळभोरहून आलेले चुलते तर दारातच म्हणाले, "समुद्राचं खूळ, दुसरं काय हाय?" मंडईतल्या तुझ्या गाळेवाल्या दोस्तांनीही माना हलवल्या. या वयात कुणी असलं करतं का, असं तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि दोन जिने चढताना धापा टाकणारा माणूस मला विचारत होता. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. तो येरवड्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसून गेला. सकाळी अकरा वाजता, हातात चहाचा ग्लास असताना, समोर एका मंडळाच्या देखाव्याचे चार खांब वाळत ठेवलेले असताना. समुद्र तेव्हा घाटाखाली आपल्या जागी होता, त्याला उगीच यात ओढू नका. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता लोक माझ्यापासून थोडे लांब बसतात.

पण त्यांना पुरतं उत्तर मी देऊ शकत नव्हतो, आणि ते कुणामुळं हे तुला चांगलं ठाऊक आहे. तिथं येतोच. आधी थोडं बरं बोलतो, नाहीतर म्हणशील दत्त्या भांडायलाच बसला.

आयटीआयला एका बाकावर बसलो तेव्हापासूनची आपली ओळख. मी पाटबंधाऱ्यात लागलो, कालवा निरीक्षक झालो. तुझ्या वडिलांचं मंडईच्या मागं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. लोकांनी पेट्या घ्यायच्या सोडल्या तसा तू फायबरच्या नादाला लागलास. पाण्याच्या टाक्या, दुकानांच्या पाट्या, गणपतीचे देखावे. एका वर्षी कुठल्याशा मंडळासाठी सहा हत्ती केलेस आणि दोन डबे रंग उरला. त्याच रंगात तू आपली बोट रंगवलीस. साचा तुझा, बैठका तुझ्या, रंग हत्तीचा. खडकवासल्याच्या पाण्यात ती पहिल्यांदा सोडली तेव्हा किनाऱ्यावर कणसं भाजणारी बाई म्हणाली, हे काय हत्तीचं पिल्लू आणलंय का. तेव्हापासून बोटीचं नाव हत्ती. मला त्यावेळी पोहता येत होतं ते कालव्यात शिकलेलं, म्हणजे एका दिशेनं. तू मला उलटी झालेली बोट सरळ करायला शिकवलंस, पाण्याखाली डोळे उघडे ठेवायला शिकवलंस आणि पन्नाशीच्या तोंडावर मला पुन्हा कशाची तरी वाट बघायला लावलीस. नोकरीत मी फक्त निवृत्तीची वाट बघत होतो, हे आज सांगायला हरकत नाही.

मग अलिबागपासून रेडीपर्यंत सगळी किनारपट्टी वल्हवायची, हे तुझ्या डोक्यात शिरलं. रोज थोडी, दर हिवाळ्यात एक तुकडा. भाभी व्हॅन घेऊन रस्त्यानं पुढं जायच्या आणि संध्याकाळच्या किनाऱ्यावर डबा घेऊन थांबायच्या. लोक म्हणतात ती दोघांची मोहीम. मोहीम तिघांची होती, आणि आपल्या तिघांत वाट कधी न चुकलेली एकटी शमीमभाभी होती.

अंतर मोजायची रीतही तिघांचीच. समुद्रावर किलोमीटर सांगून मला काही उमजायचं नाही. मग तू म्हणालास, मंडईतून लोणीतल्या तुझ्या घरापर्यंत जेवढं, तेवढं एक लोणी. झालं. आज पाऊण लोणी, उद्या सव्वा लोणी. एक लोणी म्हणजे हडपसर ओलांडून, उसाचे ट्रॅक्टर चुकवत घरी पोचणं. ते अंतर माझ्या ढुंगणाला पाठ होतं. भाभी फोनवर सनाला सांगायच्या, "आज अब्बूचं दीड लोणी झालं," आणि तुझी ती आयटीतली पोरगी विचारायची, "अम्मी, प्लीज, नॉर्मल युनिटमध्ये सांग ना."

पहिल्याच हिवाळ्यात आपण जे केलं ते पुण्याच्या माणसांनीच करावं. गुहागरच्या अलीकडं एका वाडीत हत्ती पाण्यापासून चार हात वर ओढून ठेवला आणि सुरूच्या सावलीत जेवून पडलो. खडकवासल्याचं पाणी ठेवलेल्या जागी राहतं. आणि माझं तर आयुष्य असं गेलेलं, की दार उचललं की पाणी सुटणार, दार पाडलं की थांबणार. उठून बघतो तर समुद्र आपल्या पायाशी आणि हत्ती शंभर हात आत, एकटाच निघालेला. तू कपड्यांनिशी धावलास. जाळी साफ करणाऱ्या बायका हसून हसून वाळूत बसल्या. एकीनं मला विचारलं, तुमच्याकडं भरती नसते का हो? मी खरं ते सांगितलं, की नसते. त्या दिवसापासून भाभींनी दोराचं टोक आपल्या ताब्यात घेतलं. किनाऱ्याला लागलो की हत्ती व्हॅनच्या आकड्याला बांधल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

आणखी एक आठवण सांगतो, कारण ती मला अजून बोचते. एका बंदरावर एका माणसानं आपली ओळखपत्रं मागितली. माझं नुसतं पालथं करून परत दिलं. तुझं दोनदा वाचलं, मग समुद्रावर कशासाठी हिंडताय असं तुला एकट्यालाच विचारलं. माझं डोकं फिरलं होतं. तू मात्र आपल्या त्या वाळक्या आवाजात म्हणालास, "साहेब, पुढं बसतो तो म्होरक्या. मी नुसता ढकलतो." त्यानं माझी पुन्हा चौकशी सुरू केली आणि तू शांतपणे पाणी पीत बसलास. व्हॅनमध्ये बसल्यावर मात्र बराच वेळ तू काही बोलला नाहीस, आणि मीही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. काय, ते मला अजून सुचलेलं नाही, पण गप्प बसणं बरोबर नव्हतं.

आता फेब्रुवारी.

गावखडीहून सकाळी निघालो. भाभी आंबोळगडच्या वाटेला लागल्या. समुद्रानं बरोबर एक लोणी. डाव्या हाताला कशेळीचा कडा सरळ पाण्यात उतरलेला, उतरायला जागा नाही. समोरून येणाऱ्या लाटा आणि कड्यावर आपटून परत येणाऱ्या लाटा, दोन्ही एकदम. टोक दिसत होतं. त्याला वळसा घातला की पुढचं पाणी सोपं, असं गावखडीच्या होडीवाल्यानं सांगितलं होतं. मी घाबरलेलो होतोच, मी नेहमीच घाबरलेला असतो, पण वल्हं चालू होतं. आणि मागचं वल्हं थांबलं.

पुढं बसलेल्याला ते लगेच कळतं. बोट एकदम जड होते. मी ओरडून विचारलं, काय झालं? तू म्हणालास, काही नाही, मार. चार हात मारले असतील. मग तुझा जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"दत्त्या, डावा हात उचलत नाही. फिरव."

सुकाणू तुझ्याकडं आणि फिरवायचं मी. कसं फिरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. तिथून गावखडीपर्यंत मी एकट्यानं वल्हवलं, आणि वाटेत दर शंभर हातांवर तुला हाक मारत होतो, कारण मान वळवून बघायची सोय नव्हती. तू दरवेळी "हां" म्हणत होतास. एकदा उशिरा म्हणालास. ते मधले क्षण मी कुणाला सांगू शकत नाही, आता तुलाच सांगतोय.

वाळूवर तू अर्धा तास आडवा पडलास. मग उठून बसलास, चेहऱ्यावर रंग आला आणि चहा मागितलास. मी म्हणालो, आत्ता रत्नागिरीला दवाखान्यात. तू म्हणालास, गॅस आहे. वर मलाच ऐकवलंस, तू डॉक्टर नाहीस, कालव्याचा माणूस आहेस. मग माझा हात धरलास. "शमीमला कळलं तर पाण्यावर पाऊल ठेवू देणार नाही. तू घाबरलास, म्हणून फिरलो, असं सांगू. शब्द दे." पुण्यात गेल्या गेल्या तपासून घ्यायचं, या अटीवर मी शब्द दिला. मी माझा पाळला.

आंबोळगडला टेम्पोनं पोचेस्तोवर सूर्य बुडाला होता. फोनला रेंज नव्हती. भाभी व्हॅनचं तोंड समुद्राकडं करून, पुढचे दिवे लावून उभ्या होत्या. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. तू मोठ्यानं म्हणालास, "हा घाबरला, म्हणून फिरलो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढंच. मग डबा उघडून आधी मला वाढलं, चपात्या गार झाल्या होत्या. दिवे लावून बॅटरी बसलेली, गाडी ढकलायची वेळ आली. मी तुला स्टिअरिंगवर बसवलं आणि एकट्यानं ढकलली. भाभींना वाटलं मी माझ्या भित्रेपणाची भरपाई करतोय.

त्यानंतर सहा महिने पुण्यात माझी काय शोभा झाली. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, दत्ता, संगमावरच्या पुलावरून जाताना डोळे मिटतोस का? पाऊस पडला तर म्हणायचे, याला आधी घरी सोडा. आणि तू, हरामखोरा, तू त्यात सामील. एकदा तर भर चौकात म्हणालास, हत्तीला उंदीर जुंपला तर असंच होणार. मी हसलो. शब्द दिला होता ना. पण दर आठवड्याला तुला विचारायचो, गेलास का? आधी रोजे होते. मग ईद. मग सनाची बदली. मग मंडळांच्या ऑर्डरी. जुलैमध्ये तर आपलं कडाक्याचं भांडण झालं, तुझ्या शेडमध्ये, पोरं काम करत असताना. मी म्हणालो, भाभींना सांगतो. तू म्हणालास, सांग, आणि नंतर मला तोंड दाखवू नकोस. मी दार आपटून गेलो. पंधरा दिवस आलो नाही, सांगितलंही नाही. सोळाव्या दिवशी सनाचा फोन आला.

तुला माती देताना तीन मुठी टाकल्या. तिसऱ्या मुठीला माझ्या तोंडून निघालं, "आता तरी तपासून घे." शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या मेहुण्याला वाटलं मला भोवळ येतेय, त्यानं मला धरलं.

सनानं आठव्या दिवशी मला बोलावलं. हत्ती शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, तिला तो बघवत नव्हता. "काका, प्लीज ती बोट घेऊन जा. कुणाला पण देऊन टाका. अब्बू तिच्यामुळंच गेले, आय नो." पोरगी रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. ती समुद्राला दोष देत होती, बोटीला देत होती, आणि थोडा मलाही देत होती, की मी तिच्या बापाला त्या वयात पाण्यावर नेलं. मी हो म्हणून हत्ती घेऊन गेलो असतो तर सगळं मिटलं असतं. तुझी आठवण एका खुळ्या माणसाची राहिली असती, माझी एका भित्र्याची, आणि भाभींना कधीच कळलं नसतं की फेब्रुवारीत तुला वाचवायची एक संधी आपल्या तिघांच्या हातात होती आणि दोघांनी ती तिसरीपासून लपवली.

तेव्हा मी तुझा शब्द मोडला, रफिक. ऐक. नीट ऐक, कारण माफी मागत नाहीये.

भाभी इद्दतीत आहेत. चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडणार नाहीत, परक्या पुरुषासमोर येणार नाहीत. मी बाहेरच्या खोलीत बसलो, सना माझ्यासमोर, भाभी पडद्यामागं. म्हणजे पुन्हा तेच, माणूस दिसत नाही आणि बोलायचं. मी सगळं सांगितलं. हात उचलत नव्हता, ते सांगितलं. वाळूवरचा अर्धा तास सांगितला. शब्द कुणी घेतला आणि कुणी दिला, तेही सांगितलं. मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, त्याला कारण एवढंच की तू माझ्याशी बोलणं टाकशील याची मला भीती वाटली. कशेळीच्या टोकाची नाही, याची.

सना माझ्याकडं बघत होती, मी फरशीकडं. मग भाभी बोलल्या, अगदी हळू.

"सहा महिने मी तुम्हाला मनात शिव्या दिल्या, दत्ताभाऊ. त्या त्यांच्या होत्या. आता द्यायला ते नाहीत." मग, "मला सांगितलं असतं तर कॉलर धरून नेलं असतं. जा तुम्ही आता."

मी गेलो. त्यांना माझ्यावर चिडायचा पूर्ण हक्क आहे, तुझ्यावरही आहे, आणि तो तू त्यांच्याकडून काढून घेतला होतास. निदान तो तरी मी परत केला. तू वर बसून तोंड फिरवलं असशील तर खुशाल फिरव. तुझी तोंड न दाखवायची धमकी तू आधीच खरी केलीस, आता माझं आणखी काय वाकडं करणार?

दुसऱ्या दिवशी मी जाऊन स्वतःचं हृदय तपासून घेतलं. सगळं ठीक आहे. डॉक्टरनं विचारलं, काही त्रास होतो का? मी म्हणालो, मित्र गेलाय. तो म्हणाला, ते यात दिसत नाही.

तेरा दिवस भाभींचा निरोप नव्हता. लोणीच्या घरात बसून मी पुष्कळ विचार केला. लोक म्हणतात तसं शहाणं व्हावं, एका जागी बसावं, संध्याकाळी देवळापर्यंत चालावं. पण मला तो धडा घ्यायचा नाही. तू पाण्यावर गेलास म्हणून मेला नाहीस, दवाखान्यात गेला नाहीस म्हणून मेलास. या दोन गोष्टी मी कुणाला एक करू देणार नाही, आणि ते नुसतं बोलून होणार नाही. त्यासाठी कुणीतरी त्या टोकाला वळसा घालून पलीकडं जिवंत निघायला हवं.

काल सनाचा फोन आला. आधी म्हणाली, काका, सॉरी. मी म्हणालो, कशाबद्दल? ती म्हणाली, असंच. मग म्हणाली, अम्मीनं बोट द्यायला नाही सांगितलंय. दोर शेडमधून मागवून घेतला आणि स्वतःच्या कपाटात ठेवला. आणि निरोप आहे, जसा दिला तसा सांगते, तिनं लिहून घ्यायला लावलाय. मग तिनं तो वाचून दाखवला.

"डिसेंबरच्या शेवटी इद्दत संपेल. त्या आठवड्याची भरती-ओहोटी बघून ठेवा. गावखडीपासूनचं एक लोणी राहिलंय. मी आंबोळगडला उभी राहणार आहे. या वेळी मला गाडीचे दिवे लावावे लागता कामा नयेत."

मी भरती-ओहोटी काढून बसलोय. गावखडीचा तो होडीवाला सोबत यायला तयार आहे. मी शूर नाही आणि आता ते लपवायचंही कारण उरलं नाही. पुढच्या बैठकीत पाण्याचे कॅन बांधणार, वजन सारखं राहायला. मागं मी बसणार, तुझ्या जागेवर. अकरा वर्षं तुला जे दिसलं, माझी पाठ आणि माझ्यापुढचा समुद्र, त्यातली पाठ नसेल, बाकी सगळं असेल.

टोकाशी तुझा हात थांबवून बघ काय बघायचं ते, या वेळी मी बोट फिरवणार नाही. मी उन्हातच पोचणार आहे.